हत्यारांची वळकटी

१९९१ च्या सप्टेंबरात आल्प्समध्ये, ऑस्ट्रिया आणि इटलीच्या सीमेवर, डोंगर चढायला गेलेल्या एका जोडप्याला वितळत्या बर्फातून वर आलेला एक देह दिसला. तो माणूस मरून सुमारे ५,३०० वर्षं झाली होती. जग त्याला ओत्झी म्हणून ओळखतं. त्याची तांब्याची कुऱ्हाड गाजली, टोपी गाजली, अंगावरचं गोंदणही गाजलं. मला मात्र त्याच्या कमरेची पिशवी फार आवडते. पट्ट्यालाच शिवलेली चामड्याची छोटी पिशवी, आणि आत गारगोटीची तासणी, गारगोटीचंच भोक पाडायचं हत्यार, एक धारदार छिलका, हाडाची आरी आणि विस्तव पेटवायला वाळवलेली अळंबी. लोखंडाशी ओळख होण्याच्या कितीतरी आधी माणसाने हत्यारं नेण्यासाठी चामडं शिवलं होतं!

वाग्भटांनी मापच देऊन ठेवलंय

आपल्याकडचा पुरावा तर मापासकट आहे. वाग्भटांचा ‘अष्टांगहृदय’ हा ग्रंथ साधारण सातव्या शतकातला. त्याच्या सूत्रस्थानातल्या २६ व्या अध्यायात शल्यक्रियेची हत्यारं सांगून झाली, की ती ठेवायच्या ‘शस्त्रकोशा’चं वर्णन येतं. रुंदी ९ अंगुळं, लांबी १२ अंगुळं. जाडसर कापडाचा, लोकरीचा, रेशमाचा किंवा मऊ चामड्याचा केलेला. शिवण पक्की. बांधायला दोरी. हत्यारं एकमेकांवर घासू नयेत म्हणून मध्ये लोकर. आणि तोंड बंद करायला सळई. अंगूळ पावणेदोन ते दोन सेंटिमीटरचं धरलं, तर हा कोश फार तर २४ सेंटिमीटर लांब भरतो. वैद्याच्या काखेत सहज बसेल असा.

माप, माल, शिवण, हत्यारांमधलं अंतर आणि बंद करायची सोय. तेराशे वर्षांपूर्वीची ही यादी आजही जशीच्या तशी लागू पडते. चामड्याचा टूल रोल, म्हणजे हत्यारांची वळकटी, हातात आला की मी ह्याच क्रमाने तो तपासतो.

सुश्रुतांचीही एक सूचना ह्याच घराण्यातली आहे. हत्याराची धार टिकावी म्हणून ते सावरीच्या लाकडाची फळी वापरायला सांगतात. सावरीचं लाकूड मऊ, त्यामुळे धारेला इजा नाही. धारेचं पोलाद कशाला टेकून राहतं, ह्याचा एवढा बारीक विचार तेव्हाच झालेला होता.

गावोगावची धोकटी

महाराष्ट्रातल्या गावांनी हा प्रकार रोज पाहिलेला आहे. बारा बलुतेदारांमधल्या न्हाव्याच्या काखेत असायची ती धोकटी. वस्तरा, कात्री, नराणी, चिमटा, धारेचा दगड, छोटा आरसा, पाण्याची वाटी, सगळं दुकान त्या चामडी पिशवीत. न्हावी ओट्यावर बसला, धोकटी उघडली, की दुकान सुरू. सुताराला हे जमायचं नाही, कारण करवत, वाकस आणि रंधा काही काखेत मावत नाहीत. पटाश्यांचं मात्र वेगळं. त्यांना घर लागतंच, आणि तेही प्रत्येकीला स्वतंत्र.

जपानी सुतारांनीही हेच ओळखलं. त्यांच्याकडे पटाश्या गुंडाळून न्यायच्या खास वळकटीला ‘नोमीमाकी’ म्हणतात. तिथल्या आचाऱ्यांच्या सुऱ्यांनाही अशीच वळकटी असते.

पेटी घराची, वळकटी रस्त्याची

१९३६ साली स्वीडनच्या गॉटलंड बेटावर शेत नांगरताना फाळाला ओकच्या लाकडाची एक पेटी लागली. आत आणि आसपास व्हायकिंग काळातल्या २०० हून जास्त वस्तू होत्या: हातोड्या, सांडश्या, कानशी, करवती, गिरमिटं. सुतार आणि लोहार दोघांचंही काम एका पेटीत. मास्टरम्यूरची पेटी म्हणून ती प्रसिद्ध आहे. पेटीचं वैभव हे असं. पण ती काखेत मारून निघता येत नाही.

वळकटीचं काम अगदी उलटं. आज ह्या कामाला जी आठ-दहा हत्यारं लागणार तीच घ्यायची, गुंडाळायची, निघायचं. म्हणून माझं पहिलं म्हणणं ठाम आहे: टूल रोल ही हत्यारं नेण्याची वस्तू आहे, कायम ठेवण्याची नव्हे. हे एकदा मनाशी पक्कं झालं की निवडीतले निम्मे प्रश्न सुटतात. किती खिसे? जेवढी हत्यारं तुम्ही खरोखर घराबाहेर नेता तेवढे, आणि वर एखाद-दोन. २४ खिशांचा रोल फोटोत देखणा दिसतो, पण भरला की ओंडका होतो. हातोडी, मोठा पाना आणि रंधा ह्यांना वळकटीत जागाच देऊ नका. त्यांच्या वजनाने खिशाची शिवण ताणली जाते आणि गुंडाळी एका बाजूला कलते.

दुकानात जाण्यापूर्वी घरी एक काम करा. हत्यारं टेबलावर ओळीने मांडा, लांबी-रुंदी मोजा आणि कागदावर लिहा. चामडं कसलं, रंग कुठला, बक्कल पितळी की पोलादी हे सगळं त्यानंतर.

खिशाला पाय लागतो, π वाला

हा भाग मला सगळ्यात गमतीचा वाटतो. पटाशीची गोल मूठ ३ सेंटिमीटर जाडीची असेल, तर तिच्यासाठी सपाट शिवलेला खिसा किती रुंद हवा? पटकन उत्तर येतं, ३ सेंटिमीटर. तेवढ्यात ती कधीच जाणार नाही. गोल वस्तू आत शिरली की खिशाची पुढची आणि मागची बाजू मिळून तिच्याभोवती पूर्ण वेटोळं घेतात. म्हणजे सपाट मापात परिघाच्या निम्मं लागतं: ३ गुणिले ३.१४, भागिले २. उत्तर ४.७. शिवणीसाठी थोडं सोडून ५ सेंटिमीटर धरा. चपट्या हत्याराचा हिशोब आणखी सोपा, रुंदी अधिक जाडी. २५ मिलिमीटर रुंद आणि ६ मिलिमीटर जाड पान्याला ३१ मिलिमीटर, वर दोन-तीन मिलिमीटर सूट.

पण ही सूट देताना हात आखडता घ्या, कारण चामडं ताणतं. नवा खिसा थोडा घट्ट असलेलाच बरा. महिना-दोन महिन्यांत तो त्या हत्याराच्या अंगाप्रमाणे बसतो. पहिल्याच दिवशी हत्यार सहज आत-बाहेर होत असेल, तर सहा महिन्यांनी ते आपोआप बाहेर पडायला लागेल.

हत्याराचं तोंड वर ठेवायचं की खाली? इथे कारागीर-कारागिरांत फरक आहे. सुतार पटाशीचं पातं खिशात सरकवतो आणि मूठ वर ठेवतो, म्हणजे हात घातला की मूठ हाताला लागते. लाकडावर नक्षी कोरणारे अनेकदा उलट करतात. त्यांच्या पंधरा-वीस छिन्न्यांच्या मुठी सारख्याच दिसतात, फरक असतो तो पात्याच्या वळणात. म्हणून मूठ खिशात आणि पातं वर. नजर टाकली की कोणती छिन्नी हवी ते कळतं. मात्र पाती वर असतील, तर त्यांच्यावर दुमडून येणारी चामड्याची झडप हवीच हवी. खरं तर ती प्रत्येक टूल रोलला हवी. झडप नसलेली वळकटी उभी धरली, की एखादी पटाशी थेट पायावर येते.

पातं खाली ठेवणाऱ्यांनी खिशाचा तळ बघून घ्यावा. धारदार पटाशी दर प्रवासात तळाच्या शिवणीवर आपटते आणि हळूहळू दोरा कापते. चांगला कारागीर तळाशी चामड्याची एक जादा पट्टी घालतो. ती आहे का, हे बोट घालून पाहायचं. दुकानदाराला विचारायची गरज नाही.

हिरडा, बाभूळ आणि काळे डाग

आता चामडं. कच्चं कातडं कुजतं, कमावलेलं चामडं कुजत नाही. कमावण्याच्या मुख्य पद्धती दोन: वनस्पतींच्या टॅनिनने आणि क्रोमियमच्या क्षारांनी. पहिलीला आठवडे, कधी महिने लागतात. दुसरी एखाद-दोन दिवसांत उरकते. म्हणूनच आज जगातलं साधारण ८० ते ९० टक्के चामडं क्रोमने कमावलेलं असतं.

पहिल्या पद्धतीशी मराठी मुलखाचं जुनं नातं आहे. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावतात. भीमाशंकर, आंबेगाव, जुन्नरच्या डोंगरपट्ट्यात आदिवासी कुटुंबं हिरडा गोळा करतात. औषधाला जातो तोच हिरडा चामड्यालाही जातो. तमिळनाडूत हेच काम तरवडाची साल करायची. तिथल्या ह्या पारंपरिक ‘ई. आय. लेदर’ला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे.

टूल रोलसाठी वनस्पतींनी कमावलेलं चामडं लोकप्रिय आहे, आणि त्याला कारण आहे. ते ताठ असतं, कापलेली कड घासून गुळगुळीत करता येते, वापराने रंग गडद होत जातो, खिसा आकार धरून ठेवतो. पण त्याचा एक स्वभाव माहीत असायलाच हवा. टॅनिन आणि लोखंड ओलाव्यात भेटले की काळं पडतं. हीच प्रक्रिया शतकानुशतकं शाईसाठी वापरली गेली. हिरड्याचा काढा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, एकत्र केलं की काळी शाई तयार! कलमकारीच्या कापडावरचा काळा रंगही हिरडा आणि लोखंडाच्या संयोगातूनच उमटतो. तेव्हा ओला पाना नव्या कोऱ्या, न रंगवलेल्या चामड्यात खुपसलात, तर चामड्यावर पान्याचं काळं चित्र उमटणार आणि ते जाणार नाही.

डागाचं दुःख नाही, गंजाचं आहे. असं चामडं जरा आम्लधर्मी असतं आणि हवेतला ओलावा धरून ठेवतं. त्यात पोलाद महिनोन्‌महिने दाबून ठेवलं की गंज चढतो. सुऱ्यांचे जाणते संग्राहक आपली सुरी चामड्याच्या म्यानात घालून कपाटात ठेवत नाहीत, म्यान शेजारी ठेवतात. पितळेवर तर हिरवट चिकट थर येतो, कारण चामड्यातली चरबी तांब्याशी संयोग पावते. मघाचं पहिलं म्हणणं मी एवढं रेटून का सांगितलं, त्याचं उत्तर इथे आहे. कामावरून आलात की वळकटी सोडा, हत्यारं पुसा, तेलाचा हलका हात फिरवा आणि पेटीत किंवा फळीवर लावा. वळकटी शेजारी उलगडून राहू दे.

कॉर्सेटच्या कांबीतून निघालेला शोध

क्रोमच्या चामड्याची जन्मकथा ह्या विषयाला इतकी चपखल बसते, की ती सांगायलाच हवी. एकोणिसाव्या शतकातल्या पाश्चात्त्य बायकांच्या कॉर्सेटमध्ये पोलादी कांबी असत आणि त्यांच्यावर तुरटी-मिठाने कमावलेलं चामडं चढवत. घामाने मीठ सुटायचं, कांबी गंजायच्या. न गंजवणारं चामडं मिळेल का, असा प्रश्न न्यूयॉर्कमधल्या ऑगस्टस शुल्ट्झ ह्या रसायनतज्ज्ञापुढे आला आणि त्याने क्रोमियमची वाट धरली, असं चर्मोद्योगाच्या इतिहासात सांगतात. १८८४ साली त्याने पेटंट घेतलं. चामड्याने पोलाद गंजू नये ह्या साध्या गरजेतून साऱ्या जगाचा चर्मोद्योग बदलला!

क्रोमचं चामडं मऊ असतं, पाण्याला जास्त तोंड देतं, उष्णताही जास्त सोसतं. टूल रोलच्या बाहेरच्या अंगाला ते चांगलं चालतं, विशेषतः मोटारसायकलवर बांधून नेणाऱ्यांना. खिशांना मात्र ते लवकर सैल पडतं. आणि गंजाच्या बाबतीत तेही पूर्ण निर्धोक नाही. नीट धुतलेलं नसेल, तर त्यात क्षार शिल्लक राहतात.

दोन्हींतला फरक ओळखायचा कसा? कापलेली कड बघा. वनस्पतींनी कमावलेलं चामडं आतून तपकिरी किंवा बदामी असतं. क्रोमच्या चामड्याच्या मध्यात बऱ्याचदा निळसर-करडी रेघ दिसते. ह्याच रंगामुळे अर्धवट तयार क्रोम चामड्याला धंद्यात ‘वेट ब्लू’ म्हणतात. तुकडा मिळत असेल, तर घरी आणखी एक खेळ करून बघा. लोखंडी खिळा व्हिनेगरमध्ये काही दिवस बुडवून ठेवा आणि ते पाणी तुकड्यावर टिपका. क्षणात काळं झालं तर चामडं हिरड्या-बाभळीच्या कुळातलं. चर्मकार हेच पाणी चामडं काळं रंगवायलाही वापरतात.

पाटीवर काय लिहिलंय

‘जेन्युइन लेदर’ असा छाप दिसला की आपण निर्धास्त होतो. त्याचा अर्थ एवढाच, की हे चामडं आहे. कोणत्या थराचं, ते त्यात येत नाही. कातड्याचा वरचा थर सगळ्यात चिवट, कारण तिथले तंतू एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात. तो न घासता तसाच ठेवला तर ‘फुल ग्रेन’. खालचा सोललेला थर म्हणजे ‘स्प्लिट’. दोन्ही बाजू लवदार दिसल्या, की बहुधा तोच. ‘बाँडेड’ म्हणजे चामड्याचा भुगा चिकटवून केलेला पत्रा. पटाशीच्या खिशाला तो अजिबात घेऊ नये, शिवणीच्या भोकांपाशीच फाटतो.

प्राण्याच्या कुठल्या भागाचं चामडं, हेही महत्त्वाचं. पाठीचं ताठ आणि एकसारखं, पोटाचं ढिलं आणि ताणणारं. खिसे पोटाच्या चामड्याचे असतील तर ते लोंबणार. महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्यानंतर बैलाचं स्थानिक कातडं कमी झालं, त्यामुळे इथे म्हशीचं चामडं जास्त दिसतं. ते जाड, दाणेदार आणि दणकट असतं. दिसायला रांगडं, पण हत्यारांसाठी उत्तम. शेळीचं पातळ आणि लवचिक, पुस्तकबांधणीला नामी. टूल रोलमध्ये फक्त झडपेला वापरावं.

आणि रेक्झिन? हे मुळात मँचेस्टरजवळच्या एका कारखान्याचं उत्पादन, कापडावर नायट्रोसेल्युलोजचा थर दिलेलं. नाव इतकं रुळलं की आज आपण प्रत्येक नकली चामड्याला रेक्झिन म्हणतो. स्कूटरबरोबर मिळणारा प्लगपाना आणि स्क्रू ड्रायव्हर अशाच पाकिटात यायचे. आता मिळणाऱ्या नकली चामड्यावर पीव्हीसी किंवा पीयूचा थर असतो. पीयूचं दमट हवेशी वैर आहे. हवेतल्या पाण्याने त्याची साखळी तुटते, मग पापुद्रे निघतात. मुंबई-कोकणात नुसता कपाटात ठेवलेला रोलही असा सोलवटतो. त्यापेक्षा जाड कॅनव्हास केव्हाही बरा. तो आम्ल सोडत नाही, हलका असतो, स्वस्त पडतो. ज्यांची हत्यारं धारदार नाहीत, फक्त पाने-पकडी आहेत, त्यांनी खुशाल कॅनव्हास घ्यावा.

जाडी, वजन, पट्टा

परदेशी पाट्यांवर चामड्याची जाडी औंसांत दिसते आणि गोंधळ होतो. एक औंस म्हणजे एक इंचाचा चौसष्टावा भाग, साधारण ०.४ मिलिमीटर. चार-पाच औंसांचं चामडं म्हणजे १.६ ते २ मिलिमीटर. टूल रोलला हीच जाडी योग्य. ३ मिलिमीटरच्या पुढे गेलात तर गुंडाळताना दमछाक होते, १ मिलिमीटरच्या आत पटाशी आरपार जाऊ शकते.

६० बाय ३५ सेंटिमीटरचा रोल धरा. २ मिलिमीटर जाडीने नुसत्या पाठीच्या तुकड्याचं वजन ४०० ग्रॅमच्या आसपास जातं. खिशांसाठी २० सेंटिमीटर उंचीचा दुसरा थर आला, की सव्वाशे-दीडशे नव्हे, चांगले २००-२५० ग्रॅम वाढतात. म्हणजे हत्यारं भरण्याआधीच अर्धा किलोच्या वर. चामडं चौरस फुटावर विकतात. ह्या रोलला साडेतीन चौरस फूट लागतं, आणि कापताना वाया जाणारं धरून कारागीर चार-साडेचार मागेल. ते वाजवी आहे.

पट्ट्याचं गणित पुन्हा वर्तुळाचं. गुंडाळीचा व्यास १ सेंटिमीटरने वाढला, की पट्टा ३.१४ सेंटिमीटरने जास्त लागतो. दोन जाड स्क्रू ड्रायव्हर जादा घातले आणि व्यास ३ सेंटिमीटरने वाढला, तर पट्ट्याला साडेनऊ सेंटिमीटर जास्त हवेत. तीन भोकांच्या आखूड बक्कलपट्ट्याचा इथेच पराभव होतो. लांब वादी दोनदा फिरवून बांधायची पद्धत जुनी आहे आणि बक्कलपेक्षा सरस आहे, कारण तिला मापाचं बंधन नाही. वाग्भटांनी दोरीच सांगितलीय, हेही लक्षात घ्या.

गुंडाळायला सुरुवात ज्या टोकापासून करता, तिथे लांब आणि सरळ हत्यार ठेवा, तो गाभा होतो. जाड मुठी शेजारी-शेजारी आल्या की वळकटी एका टोकाला फुगते. एक आड एक बारीक-जाड लावलं की गोल बसते.

दोन सुया आणि एक तांब्याची टिकली

मशीनच्या शिलाईत वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकतात. एक टाका तुटला, की शेजारचे उसवत जातात. हाताच्या ‘सॅडल स्टिच’मध्ये एकच मेण लावलेला दोरा आणि दोन सुया असतात. प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी सुई जाते. एक टाका तुटला तरी बाकीचे जागचे हलत नाहीत. घोड्याचं खोगीर ह्याच टाक्याने शिवतात. खिशांच्या वरच्या कोपऱ्यांवर सगळ्यात जास्त ताण येतो, तिथे तांब्याची रिव्हेट हवी.

ह्या रिव्हेटचीही एक गोष्ट आहे. अमेरिकेत नेवाडातल्या रिनो गावात जेकब डेव्हिस नावाचा शिंपी घोड्यांच्या झुलींना तांब्याच्या रिव्हेट मारायचा. एका लाकूडतोड्यासाठी मजबूत पँट शिवायची वेळ आली, तेव्हा त्याने त्याच रिव्हेट खिशांच्या कोपऱ्यांना ठोकल्या. २० मे १८७३ रोजी त्याला आणि लेव्ही स्ट्रॉस कंपनीला पेटंट मिळालं. जीन्सच्या खिशावरची ती टिकली घोड्याच्या साजातून आली आहे, आणि टूल रोलवर ती तितकीच कामाची आहे.

जून ते सप्टेंबर

पावसाळा ही चामड्याची खरी परीक्षा. हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर टिकली की बुरशी धरते, आणि कोकणात ती चार महिने त्याच्या वरच असते. बुरशी दिसली तर उघड्यावर कोरड्या फडक्याने झटका, सावलीत वाळवा. उन्हात किंवा शेगडीजवळ नको. ओलं चामडं तापलं की आकसतं आणि कडक होतं. प्लास्टिकच्या पिशवीत तर मुळीच बांधून ठेवू नका, आतला ओलावा आतच कोंडतो.

जुन्या मशिनिस्ट मंडळींची युक्ती आहे हत्यारांच्या पेटीत कापराची वडी ठेवायची. कापूर हळूहळू हवेत विरतो आणि त्याचा अतिपातळ थर पोलादावर बसतो. आपल्याकडे तो देवघरात असतोच. चामड्याला वर्षातून एक-दोनदा तेल पुरे. जास्त दिलं की खिसे मऊ पडतात. जवसाचं तेल मात्र चामड्याला लावू नका, ते वाळून कडक होतं. आणि लाकडाला जवसाचं तेल लावलेलं फडकं वळकटीत कोंबणं तर धोक्याचं आहे. वाळताना ते तेल उष्णता सोडतं आणि चुरगळलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. हे फडकं उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून टाका.

पृथ्वीभोवती फिरलेल्या दोन पिशव्या

हत्यारांची पिशवी हरवणं किती दूर जाऊ शकतं? १८ नोव्हेंबर २००८ रोजी हेडेमेरी स्टेफनिशिन-पायपर ह्या अंतराळवीर अंतराळस्थानकाबाहेर काम करत होत्या. ग्रीस गन गळली, पिशवी बरबटली, ती पुसत असताना पिशवी निसटून तरंगत गेली. पुढच्या वर्षीच्या ऑगस्टपर्यंत ती पृथ्वीभोवती फिरत होती, मग वातावरणात शिरून जळाली. १ नोव्हेंबर २०२३ रोजी जास्मिन मोघबेली आणि लोरल ओहारा ह्यांच्या अंतराळचालीतही अशीच पिशवी सुटली. ती दुर्बिणीतून जमिनीवरूनही दिसत होती.

अंतराळातच नव्हे, विमानांच्या हँगरमध्येही राहून गेलेलं एक हत्यार म्हणजे मोठा धोका. म्हणून तिथे प्रत्येक हत्याराची ठरलेली जागा असते आणि काम संपल्यावर रिकामी जागा लगेच दिसते. वळकटीचा हा गुण मला सगळ्यात मोलाचा वाटतो. गिऱ्हाइकाच्या घरून निघताना ती उलगडली, की कोणता खिसा रिकामा आहे ते दिसतं. पिशवीत खडखडणाऱ्या वीस हत्यारांत हे कधी कळत नाही.

शिवून घ्यायची तर कुठे

तयार माल घेण्यापेक्षा मापाने शिवून घ्यावं, असं माझं मत आहे, आणि आपल्या भागात ते अवघड नाही. मुंबईत धारावीच्या चामड्याच्या बाजारात पिशव्या, पट्टे, पाकिटं शिवणारे शेकडो हात आहेत. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि सीमेपलीकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर ह्या आठ जिल्ह्यांना कोल्हापुरी चपलेचं भौगोलिक मानांकन २०१९ साली मिळालं. जाड, वनस्पतींनी कमावलेल्या चामड्याशी इथल्या कारागिरांचा हात पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. चपलेची वेणी घालणाऱ्याला खिशांची ओळ शिवणं कठीण नाही, फक्त त्याच्यासमोर खरी हत्यारं ठेवा. कागदावरचं माप देऊन परत येऊ नका. तो रापी आणि आरी हातात घेऊन बसला, की तुमची पटाशी चामड्यावर आडवी ठेवून आरीने खूण करेल, आणि ती खूण कुठल्याही कोष्टकापेक्षा बिनचूक असेल.

सांगताना चार गोष्टी आवर्जून सांगा: पाठीचं चामडं, तळाला दुहेरी पट्टी, वर झडप, आणि बक्कल नको, लांब वादी हवी. मजुरीत घासाघीस करू नका. हाताने शिवलेल्या एका रोलमध्ये शेकडो टाके असतात आणि प्रत्येक भोक आधी आरीने पाडावं लागतं.

तयार झाल्यावर विमानाने कुठे जायचं असेल, तर वळकटी चेक-इनच्या सामानात टाका. अमेरिकेत ७ इंचांपर्यंतची काही हत्यारं केबिनमध्ये चालतात, पण पटाशी-सुरीसारखी धारदार पाती तिथेही नाहीत, आणि आपल्या विमानतळांवर तपासणीच्या पट्ट्यावर हत्यारांवरून वाद घालण्यात अर्थ नाही. चेक-इनमध्ये देतानाही धारांवर टोप्या चढवा किंवा झडप नीट बांधा. बॅग उघडून तपासणाऱ्या माणसाचा हात आधी आत जातो.